हवा कुठून जाते

६ जानेवारी २०२५

लातूरला कंपनीच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं रोज जॉब कार्ड भरलं. गाडी कुठली, तक्रार काय, काय तपासलं, काय निघालं. आता नांदेडात लातूर फाट्यावर स्वतःचं गॅरेज टाकून दोन महिने झाले. कार्ड मागणारं कुणी नाही. संध्याकाळी शटर ओढलं की हाताला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, म्हणून ही वही केली.

एक लिफ्ट, एक कॉम्प्रेसर, एक स्कॅनर आणि मी. भिंतीपलीकडे कमलम्मांचं सीट कव्हर शिवायचं दुकान. त्या देगलूरकडच्या. दिवसभर मशीन चालवतात आणि मशीनच्या वरताण बोलतात. या भागात त्यांचंच बोलणं तेवढं मला स्वच्छ समजतं. बाकी लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

आज दोन ऑइल बदल, एक ब्रेक. शोधून काढावं असं काही आलं नाही.

९ जानेवारी

आज आलं. डॉ. तारामती म्हणून एक मॅडम. जनावरांच्या सरकारी डॉक्टर, वय चाळिसाच्या आतबाहेर. राहायला भोकरला, दवाखाना हिमायतनगरकडे. रोज स्वतः गाडी चालवत जातात, लसीकरण असलं की आणखी चार गावं. डिझेल गाडी, एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. तक्रार: चढाला ओढत नाही, मागून काळा धूर. कधी कधी इंजिनचा पिवळा दिवा लागतो, मग गाडी साठच्या पुढं जात नाही. बंद करून चालू केली की थोडा वेळ ठीक.

मॅडम फार हळू बोलतात. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागली. "जोर दिला की शिट्टीसारखा आवाज येतो," हे त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कळलं.

त्यांना शेजारी बसवून बायपासला चक्कर मारली. "आता येतोय," त्या म्हणाल्या. मी काच खाली केली. वारा आणि इंजिन, बाकी काही नाही. मी म्हणालो, "टर्बोचा थोडा आवाज असतोच मॅडम." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हल्ली लोक मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि मग त्यांना तोच आवाज ऐकू यायला लागतो.

स्कॅनर लावला. दाब कमी असल्याचा कोड. इंजिन एकवीसशे मिलिबार दाब मागतं, मिळतात चौदाशे.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबतो, ती रबरी पाइपातून समोरच्या जाळीत जाऊन थंड होते आणि इंजिनात शिरते. दाब कमी पडला तर तीनच वाटा. पंखा नीट फिरत नाही, दाबलेली हवा वाटेत कुठंतरी बाहेर जाते, नाहीतर मोजणारा सेन्सर चुकीचं सांगतो. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, गाईचं पोट फुगतं तेव्हा आमच्याही तीनच वाटा असतात. बहुतेक असंच म्हणाल्या.

१० जानेवारी

सेन्सर दुसरा लावून पाहिला. आकडा तोच. एअर फिल्टर बदललं, काजळीचा व्हॉल्व्ह साफ केला, टर्बोची दांडी ओढणारी बारीक नळी तपासली. सगळं ठीक. एक वाट बंद झाली, दोन उरल्या.

११ जानेवारी

हवेची गळती तपासली. एअर फिल्टरच्या बाजूनं पाइपाला बूच मारलं, कॉम्प्रेसरची हवा हळूहळू आत सोडली आणि प्रत्येक जोडाला कान लावून ऐकलं. शांत. काटा थोडा उतरतो, पण तो कुठल्याही इंजिनात उतरतो, आतले व्हॉल्व्ह उघडे असतात. साबणाचं पाणी मारत बसायची मला कधी गरज पडली नाही. लातूरला पोरं मला बोलावून न्यायची, 'संघपालभाऊ, जरा ऐकून सांगा.' लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानापाशी धरली की कुठला बेअरिंग गेलाय ते मी आजही सांगतो. आजच एका रिक्षाचा सांगितला.

म्हणजे गळती नाही. उरला टर्बो. खालच्या पत्र्यावर तेलाचा ओलावा होता, रबरी पाइपही बाहेरून तेलकट. टर्बोचा कणा हातानं हलवला तर किंचित खेळतो. सील गेलं असणार.

हे लिहिताना रविकांतची आठवण झाली. तो लातूरचा वर्क्स मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी त्यानं मला दोष शोधायच्या कामावरून काढलं आणि गाड्या ताब्यात द्यायच्या खिडकीवर बसवलं. कारण सांगितलं नाही. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस, साहेब झाला की असं होत असावं. म्हणून तर मी बाहेर पडलो.

बायको, विशाखा, पोस्टातल्या नोकरीवरून उशिरा येणार होती. डाळ मी लावली, जळली. कुकरची शिट्टी बिघडली आहे. नवीन आणायला हवी.

१३ जानेवारी

मॅडमना सांगितलं, टर्बो बदलावा लागेल. "नक्की टर्बोच?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

हो म्हणायला जेवढा वेळ लागायला हवा होता तेवढा मी घेतला नाही. हे इथंच लिहून ठेवतो.

१८ जानेवारी

नवा टर्बो बसवला. रबरी पाइप पुसून, क्लिपा आवळून परत लावले. शहरात चक्कर मारली. एकवीसशे मागितले, वीसशे पन्नास मिळाले. मॅडम गाडी घेऊन गेल्या. कमलम्मांना पेढे दिले. त्या म्हणाल्या, "कशाचे?" मी म्हणालो, "पहिली अवघड गाडी."

२४ जानेवारी

मॅडमचे तीन मिस्ड कॉल. फोन खिशातच होता, वाजला नाही. फाट्यावर नेटवर्क खराब आहे. परत लावला तर त्यांनी उचलला नाही. काही असतं तर पुन्हा केला असता.

२९ जानेवारी

सकाळी अकराला मॅडमचा फोन. मागे वाहनांचा गोंगाट, एक वाक्य धड कळेना. शेवटी फोन कमलम्मांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं आणि मशीनवरून उठल्या. "गाडी रानात गेलीय मनतात. भोकरच्या अलीकडं. तुम्ही जावा लवकर."

ओढून आणणारी गाडी घेऊन गेलो. चढावर मॅडम उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडत होत्या. दोन ट्रॉल्या, लांबलचक. निम्म्यात आल्यावर दिवा लागला आणि गाडीतला जोर गेला. समोरून एसटी. पुढं जाता येईना, मागं यायला जागा नाही. त्यांनी गाडी उजवीकडं रस्त्याखाली घातली, तुटक्या पऱ्हाटीत. एसटी जवळून गेली. डाव्या बाजूचा आरसा राहिला नाही.

मॅडम बांधावर बसल्या होत्या. मनगट सुजलं होतं, ओढणी गुंडाळली होती. मांडीवर लसीची थंड पेटी. ट्रॅक्टरवाला पाण्याची बाटली धरून उभा. मला पाहून तो म्हणाला, "तुमीच का मिस्त्री? बाईनं लई डोकं वापरलं, न्हाईतर आज काय खरं न्हवतं."

मी मॅडमसमोर खाली बसलो. म्हणालो, "हात दाखवून घेऊ."

"हात ठीक आहे," त्या म्हणाल्या. आज त्या मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या, जसं माझ्या आईशी आम्ही बोलायचो. "शिट्टी गेली नव्हती, संघपालभाऊ. चार दिवसांतच परत आली. त्यासाठीच तर फोन केले होते."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० जानेवारी

गाडी लिफ्टवर आहे. बॉनेट उघडलं नाही. दिवसभर दुसरी कामं केली. नवा टर्बो, नवा फिल्टर, सेन्सर बरोबर, गळती नाही, आणि तरी दाब नाही. असं होऊ शकत नाही. जे होऊ शकत नाही ते झालंय म्हणजे मी ठीक आहे म्हटलेल्या एखाद्या गोष्टीत चूक आहे. कुठल्या, ते कळत नाही.

विशाखानं विचारलं जेवायचं का. तिनं दोनदा विचारलं असं ती म्हणते.

३१ जानेवारी

सकाळी पुन्हा गळतीची चाचणी. बूच मारलं, हवा सोडली, या वेळी दाब जरा जास्त ठेवला. एकेक जोड ऐकला. शांत. हवा तशीच चालू ठेवून पाना आणायला वळलो तर कमलम्मा दारात, हातात कात्री.

"संघपालभाऊ, ते बंद करा की. डोकं उठलंय माझं."

"काय बंद करू?"

"ते सूंऽऽ करून राहिलंय ते. त्या दिवशी बी आसंच लावलं होतं तासभर. मला वाटलं तुमचं काम आसंल, कामून बोलावं."

मी कॉम्प्रेसरकडं बोट केलं. तो बंद होता, टाकीतलीच हवा जात होती. त्या म्हणाल्या, "ते न्हाई वो. गाडीत. हितं." आणि आजवर कधी आत न आलेल्या त्या आत आल्या, लिफ्टखाली वाकल्या आणि टर्बोकडून जाळीकडं जाणाऱ्या रबरी पाइपाच्या वाकणाखाली बोट दाखवलं. "हितं. केवढ्यानं वाजायलंय. तुमाला येत न्हाई का?"

मी पाइपाखाली हात नेला. हवेचा झोत तळहाताला लागला. गार, जोराचा. कान तिथं नेला. काही नाही. हात नेला, झोत. पुन्हा कान.

साबणाचं पाणी मारलं. मोठाले बुडबुडे. पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लिपेच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी चीर. हवा बंद केली की ती मिटते, डोळ्यांनीही दिसत नाही. दाब आला की उघडते. पत्र्यावरचं तेल तिच्यातून आलेलं, सीलमधून नाही. मी पुसून, क्लिप जरा फिरवून आवळल्यावर ती चार दिवस दबून राहिली असणार.

कमलम्मांना म्हणालो, "थोडं थांबा." हवा चालू केली, बंद केली, पाच-सहा वेळा, आणि दर वेळी त्यांच्याकडं पाठ करून विचारलं, आता येतोय का. त्या बरोबर सांगत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मला कामून विचारून राहिलात?" आणि माझ्या कानांकडं बघितलं. कात्री घेऊन गेल्या.

हवा सुटायचा आवाज माझ्या कानाला येत नाही. चूक तिथं होती.

२ फेब्रुवारी

गाडीचं जसं करतो तसंच केलं. मोबाइलवर सूर वाजवणारं एक अॅप घेतलं. खालून सुरू केलं. पाचशे हर्ट्झ ऐकू येतो, हजार येतो, दोन हजार बारीक. तीन हजाराला वाटलं अॅप बंद पडलं. आवाज पूर्ण वाढवला, आकडा चार हजारावर नेला, तरी काही नाही. वर पाहिलं तर विशाखा स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही कानांवर हात ठेवून.

अॅप बंद केलं. तिला सांगितलं काय शोधत होतो.

ती म्हणाली, "दोन वर्षं झाली सांगून राहिले."

"कधी सांगितलं?"

"तेच तर."

ती माझ्या समोर येऊन बसली आणि तोंड माझ्याकडं करून बोलली. हल्ली ती नेहमीच तशी बसते हे आज माझ्या लक्षात आलं. मी समजत होतो तिला गप्पा मारायची आवड वाढली आहे. कुकरची शिट्टी ठीक आहे, ती म्हणाली. डोरबेलही ठीक आहे. मुलगी पुण्याहून फोनऐवजी मेसेज का करते तेही सांगितलं. मी सगळं ऐकलं. भीती वाटत होती, कशाची ते नीट सांगता येत नाही. गॅरेजची असावी.

५ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरांकडं गेलो. बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटन दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटन धरून नुसता बसलो होतो. बाहेर आल्यावर कागदावर रेघ दाखवली. डावीकडून सरळ येते आणि मधेच खाली कोसळते. मी टर्बोच्या दाबाचा, बूस्टचा आलेख वाचतो, हा वाचायला मला डॉक्टर लागले नाहीत.

ग्राइंडर, हवेवर चालणारा न्यूमॅटिक पाना, कॉम्प्रेसर. लातूरच्या आधीची धरून पंचवीस वर्षं. कधी कान झाकले का, त्यांनी विचारलं. नाही. गेलेलं परत येत नाही, कानाला मशीन लावून उरलेलं वापरता येतं. जाड आवाज शाबूत आहेत, म्हणून कळलं नाही. मशीन हैदराबादहून येणार, तीन-चार आठवडे.

७ फेब्रुवारी

नवा पाइप घातला. नवा टर्बो काढून मॅडमचा जुना परत बसवला, कारण तो चांगलाच होता. नव्याचे घेतलेले पैसे परत, आरशाचा खर्च, सगळं माझ्याकडं. मॅडमना बोलावलं. मनगटाला पट्टा होता. कमलम्मांनी खुर्ची आणून दिली.

सांगायचं ठरवलं होतं ते सरळ सांगितलं. "गळती पहिल्या दिवसापासून होती. तुम्ही सांगत होता तो आवाज खरा होता. मला तो ऐकू येत नाही. म्हणून मी गळती नाही असं धरलं आणि तुम्हाला रस्त्यावर पाठवलं."

त्या खुर्चीत पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुम्हाला माहीत असेल. अशा माणसाला तोंडावर कसं विचारायचं. मग टर्बो म्हणालात, तेव्हा वाटलं, मशीनवर आकडे बघून सांगताय." त्यांनी पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. "विचारायला हवं होतं. मी रोज मुक्या जनावरांची तपासणी करते. त्यांचा मालक जे सांगतो ते ऐकल्याशिवाय मी हात लावत नाही. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, संघपालभाऊ. ते कानामुळे नाही."

मी गाडीची किल्ली आणि स्कॅनर उचलला.

मग भोकरच्या चढावर गेलो. गाडी मी चालवत होतो, त्या ऐकत होत्या. स्कॅनर त्यांच्या मांडीवर. एकवीसशे मागितले, एकवीसशे मिळाले. चढ संपेपर्यंत आकडा हलला नाही. तरी मी विचारलं. त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं, बराच वेळ ऐकलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

वरून गाडी वळवली. पुन्हा खालपासून चढलो. मीच म्हणालो, आणखी एकदा. तीन वेळा चढलो.

१२ फेब्रुवारी

सुटे भाग आणायला लातूरला गेलो. वर्कशॉपच्या दारावरून गाडी नेली, पुढं जाऊन परत आणली. रविकांत केबिनमधे होता. उठून उभा राहिला. मी बसल्या बसल्या कानांचं सांगितलं.

त्यानं दार लावून घेतलं. "तुमच्या हातच्या तीन गाड्या परत आल्या होत्या. तिन्हीत हवेचीच भानगड. मी तुम्हाला इथंच बसवून सांगितलं होतं, भाऊ. कान दाखवून घ्या म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"हाव, हाव म्हणालात. आणि निघून गेलात."

मला आठवतं ते एवढंच, की तो खाली कागदाकडं बघत काहीतरी पुटपुटला होता आणि मी लवकर सुटावं म्हणून मान हलवली होती. तीन वर्षं त्याच्याबद्दल जे बोलत आलो ते त्याला सांगितलं नाही. चहा घेतला. निघताना तो फाटकापर्यंत आला.

२० फेब्रुवारी

मशीन अजून आलेलं नाही. गॅरेज चालू आहे. बाहेर पाटी नाही लावली, पण प्रत्येकाला आधी सांगतो: मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, तेव्हा काय वाजतं, कधी वाजतं, ते तुम्ही सांगायचं. दोघं ऐकून दुसरीकडं गेले. त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

आज लोह्याचे भुजंगराव म्हणून एक शेतकरी पिकअप घेऊन आले. सत्तरीचे. मी माझं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, बॉनेटवर ठेवली आणि म्हणाले, "मंग मी करून दावतो. चीं चीं चीं चीं."

"सकाळी थंडीत येतो का गरम झाल्यावर?"

"सकाळी. अन् वळवलं की आसं. चींऽऽ चींऽऽ."

हे सगळं मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. शेजारची मशीन थांबली. कमलम्मा आल्या, इंजिन चालू करायला लावलं, कान दिला. "चीं न्हाई वो दादा. कीच कीच हाय."

"माझी गाडी हाय बाई. रोज ऐकतो मी."

"मी बी मशीनच चालवते. कीच कीच."

दोघं इंजिनच्या पट्ट्यापाशी उभे राहून आपापला आवाज काढत राहिले. मी पुन्हा सुरू केलेल्या जॉब कार्डावर दोन्ही लिहून घेतले. चीं म्हणा नाहीतर कीच, तुटक आणि एकसारखा, सकाळी जास्त. पट्टा सैल असेल किंवा पुली वाकडी. पाणी मारल्यावर आवाज वाढला तर सैल, थांबला तर पुली.

इंजिन चालूच होतं. बाटलीनं पट्ट्यावर पाणी मारलं. मला इंजिनची घरघर आधी होती तशीच येत होती, म्हणून मी त्या दोघांच्या तोंडाकडं बघत राहिलो. भुजंगराव अर्ध्या 'चीं'वर थांबले. कमलम्माही थांबल्या. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

मी इंजिन बंद केलं आणि पुलीचे बोल्ट सोडायला घेतले.